पायऱ्या बुजवू नयेत

१२ नोव्हेंबर १९३४, सोलापूर

निबंध स्वीकारला! जानेवारीत आपल्याच सोलापुरात आरोग्य आणि पाणीपुरवठ्याची परिषद भरते आहे. पुण्यापासून धारवाडपर्यंतचे डॉक्टर आणि इंजिनियर येणार, आणि त्यांच्यापुढे उभी राहून मी 'पायऱ्यांच्या विहिरी आणि नारू' हा निबंध वाचणार. पत्रात मला 'महाशय' म्हटलं आहे. अर्जावर गुरम्मा असं ठळक लिहिलं होतं, तरी. अर्ज बाईचा असेल हे कुणाच्या मनातच आलं नसावं.

अप्पांना अडतीवर जाऊन सांगितलं. ते तळहातावर तुरीचा नमुना घेऊन बसले होते.

"किती वेळ वाचायचं?" त्यांनी विचारलं.

"वीस मिनिटं."

"एवढा वेळ ऐकतील लोक?"

बस्स. परत तुरीत डोकं. मला डॉक्टर त्यांनीच केलं, सगळ्या मंगळवार पेठेची बोलणी खाऊन केलं, पण माझ्या कामाचं त्यांना कौतुक म्हणून कधी वाटलं नाही. आई असती तर निदान पत्र हातात घेऊन पाहिलं असतं.

१६ नोव्हेंबर

आज निंगव्वाआत्यांनी माशांवरून घर डोक्यावर घेतलं. सीना नदीतून आणवलेले बोटाएवढे मासे पडवीत काचेच्या बरणीत ठेवले आहेत. "लिंगवंताच्या घरात मासे! यव्वा, शेजारी काय म्हणतील?"

"खायला नाहीत आत्या, पाळायला आहेत."

"बेड, बेड! नकोच ते! जिवंत असले तरी मासेच की!"

त्यांना पुन्हा एकदा सगळं समजावलं. नारवाचा माणूस पाण्यात उतरला की त्याच्या पायातला किडा पाण्यात पिल्लं सोडतो. ती पिल्लं पाण्यातल्या सुईच्या टोकाएवढ्या पिसवा खातात. तेच पाणी कुणी प्यालं की वर्षानं त्याच्या पायातून वीतभर, हातभर नारू बाहेर येऊ लागतो, आणि काडीवर गुंडाळत महिनाभर तो काढत बसावं लागतं. हे मासे त्या पिसवा खातात. काल एका बरणीत पिसवा सोडल्या होत्या, सकाळी एक उरली नव्हती.

आत्या म्हणाल्या, "म्हणजे मांसाहारीच!" आणि आत गेल्या.

रात्री पाहिलं तर बरणीवर कुणीतरी ओलं फडकं झाकून ठेवलं होतं, मांजर येऊ नये म्हणून. आत्यांचंच काम असणार. अप्पांना असल्या गोष्टी सुचत नाहीत.

२० नोव्हेंबर

डॉ. अण्णाराव घरी आले होते. किती मोठ्या मनाचा माणूस! वैरागचा आमचा धर्मादाय दवाखाना त्यांच्या देखरेखीखाली चालतो, पण नारवाच्या कामात त्यांनी कधी ढवळाढवळ केली नाही. (खरं सांगायचं तर माझं काम चालतं त्या नांदुरखेड्याला दोन वर्षांत ते एकदाही आले नाहीत. रस्ता फार खराब आहे म्हणा.) निबंध त्यांनी चाळला. म्हणाले, "उत्तम. माझ्या टंकलेखकाकडून स्वच्छ करून घेतो. परिषदेत छापायला तेच देऊ. तुम्ही कशाला धावपळ करता?"

मी लगेच देऊन टाकला. शेवटचं प्रकरण अजून पक्कं व्हायचं आहे, ते मागून देईन म्हटलं. निबंधाखाली कुणाकुणाची नावं असावीत असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मदत करणाऱ्या सगळ्यांचे आभार मानणारच आहे. ते हसले.

२५ नोव्हेंबर, वैराग

आजचा दिवस फार चांगला गेला. नांदुरखेड्याच्या रामहरी पाटलांनी माझी सूचना ऐकून घेतली, एवढंच नाही, ताबडतोब मान्य केली.

गावाबाहेरच्या पायऱ्यांच्या बारवेतूनच सगळा नारू पसरतो, हे मी दोन वर्षं पाहते आहे. महारवाडा तिथं उतरून पाणी भरतो. मेंढके उतरतात, गावातली पोरं पोहतात. गावाच्या आडावर रहाट आहे, पाण्याला पाय लागत नाही, म्हणून आडाचं पाणी पिणाऱ्या घरात नारू जवळजवळ नाहीच. तेव्हा उपाय सरळ आहे. बारवेच्या पायऱ्या बुजवायच्या आणि वर रहाट बसवायचा.

पाटील म्हणाले, "बाई, तुमी बोलायचा अवकाश. दगड माझा, मजूर माझे. रहाटबी मीच बसिवतो. आडाचं पानी हल्ली आटतंय बगा. ह्या बारवंचं पानी कसं गोड हाय, बारमाही हाय!"

गावकरी आपण होऊन खर्चाला तयार झाला, हे परिषदेत सांगायलाच हवं. शेवटच्या प्रकरणात घालते.

९ डिसेंबर, वैराग

चिडले आहे. शांतपणे लिहायचं म्हणून बसले, पण शांत होत नाही.

आज मायाक्का भेटली. महारवाड्यातली. गेल्या उन्हाळ्यात तिच्या घोट्यातून दोन नारू मीच काढले. आली ती कमरेवर हात ठेवूनच.

"बाई, तुमी पायऱ्या बुजिवणार म्हणं?"

"हो. म्हणजे नारू—"

"मग आमी पानी कुटनं आनायचं?"

"रहाट बसणार आहे वर. तुम्हालाच सोपं पडेल."

"रहाट कुनासाठी?"

मी म्हटलं, सगळ्यांसाठी. ती हसली. असं हसणं मला कुणाचं सहन होत नाही.

"पायऱ्या हायेत, म्हणून आमी खाली उतरून पानी घेतो. आमी पाय घातलेलं पानी, म्हणून गाव त्याला शिवत न्हाय. रहाट बसला, पानी चोख झालं, की ती बारव त्यांची. त्यांच्या रहाटाच्या दोराला आमाला हात लावू देतील व्हय? आडावर देत्यात का?"

"सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या आहेत, असा कायदेमंडळात ठरावच झालेला आहे. दहा-अकरा वर्षं झाली."

"ठराव नांदुरखेड्याला आलाय का? मला तर दिसला न्हाय कुटं."

आणि गेली. आभार वगैरे राहू देत, निदान ऐकून तरी घ्यायचं! दोन वर्षं मी कुणासाठी त्या रस्त्यानं हाडं खिळखिळी करून घेते आहे? शास्त्र एका बाजूला आणि यांचे संशय एका बाजूला. पाटील इतका समजूतदार माणूस आहे, तो असं कशाला करील?

१० डिसेंबर

झोप लागली नाही. आडावर देत्यात का? नाही देत. हे मला दोन वर्षं रोज दिसत होतं. तक्त्यात एक रकाना होता, 'आडाचे पाणी पिणारी घरे', आणि त्यात महारवाड्यातलं एकही घर नव्हतं. ते मी आरोग्याचं म्हणून लिहीत गेले.

२३ डिसेंबर, वैराग

पाटलांनी माझी वाटच पाहिली नाही.

गावात शिरायच्या आधी बारवेकडे वळले. पायऱ्यांच्या तोंडाशी बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास रचलेले, छातीएवढे उंच. बाजूला दगडांचे ढीग. पाटलांचा एक माणूस बिडी ओढत बसला होता. "डाक्टरीणबाईंचा हुकूम हाय. कुनी उतरायचं न्हाय." हे तो मलाच सांगत होता. मला ओळखलं नसावं.

महारवाडा दहा-बारा दिवसांपासून ओढ्यातला झिरा खणून पाणी पितो आहे. गुरं उतरतात त्याच ओढ्यात. चार घरांत हगवण. मायाक्काची नात अंथरुणाला चिकटली होती, डोळे खोल गेले होते. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत तिथंच बसले. उकळलेलं पाणी मागितलं तेव्हा मायाक्का म्हणाली, "सरपन हाय. पानी कुटाय?" एवढंच बोलली. माझं नाव घेऊन काही बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी पोरीनं डोळे उघडले, मग मी उठले. बारवेवर गेले आणि फास ओढायला लागले. हाताला काटे लागले, पदर फाटला. तो बिडीवाला ओरडत पाटलांकडे धावला. मी ओढतच होते. थोड्या वेळानं शेजारी दुसरे हात दिसले. मायाक्का होती. तिनं काठीच्या आकड्यानं फास उचलला आणि म्हणाली, "असं धरायचं. हातानं कशाला मरता?" मग तिच्या मागून आणखी माणसं आली.

पाटील आले तोवर वाट मोकळी झाली होती.

"हे काय बाई? तुमीच म्हणाला की, पान्यात पाय पडू द्यायचा न्हाय."

"पाण्यात पाय पडू द्यायचा नाही म्हणाले. माणसाला पाणीच मिळू द्यायचं नाही, असं म्हणाले नव्हते."

"रहाट बसंपत्तुर थोडी कळ काढायची—"

"रहाट बसला की दोर कुणाच्या हातात? आत्ता इथं सगळ्यांसमोर सांगा. महारवाड्यातली बाई रहाट ओढील का?"

पाटील इकडेतिकडे बघू लागले. "आता रीतीभातीचं काय ते गाव बगंल की. तुमी दवापान्याचं बगा."

"मग पायऱ्या राहतील."

"मी वीरभद्रप्पांना कळिवतो," ते म्हणाले. वीरभद्रप्पा शेटजी म्हणजे आमच्या दवाखान्याचे मुख्य पंच, आणि येत्या परिषदेचे स्वागताध्यक्षही. पाटलांची तूर त्यांच्याच अडतीला येते, हे मला आजवर महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

निघताना मायाक्काच्या घरी बसून एक कल्पना काढून दाखवली. पायऱ्या तशाच ठेवायच्या. फक्त तळाशी, पाण्याच्या काठाला, कमरेएवढा दगडी कठडा बांधायचा. उतरायचं, कठड्याशी उभं राहून घागर सोडायची, पाय पाण्याला लागणारच नाही. शिवाय पाण्यात मासे सोडायचे आणि पाणी दुहेरी फडक्यानं गाळायचं.

मायाक्कानं त्या जमिनीवरच्या रेघांवरून बोट फिरवलं. "मासं पोरं धरतील," ती म्हणाली. "बगू."

२७ डिसेंबर, सोलापूर

शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलेलं फाडलं. निष्कर्ष असा: पायऱ्यांच्या विहिरी बुजवू नयेत. तळाशी कठडा घालावा. जिथं रहाट बसवायचा असेल तिथं तो सर्व जातींना मोकळा राहील हे गावानं लेखी दिल्याशिवाय बसवू नये, कारण त्याशिवाय बसवलेला रहाट नारू थांबवत नाही, फक्त तहानलेली माणसं ओढ्यावर पाठवतो. नांदुरखेड्यात माझ्याच सल्ल्यानं काय झालं, तेही लिहिलं. नाव न झाकता.

अण्णारावांकडे पाठवून दिलं.

७ जानेवारी १९३५

टंकलिखित प्रत आली. सुबक आहे. वरती, 'लेखक: डॉ. अण्णाराव', आणि खाली बारीक अक्षरात, 'साहाय्य: कु. येळमेली', म्हणजे मी. शेवटचं प्रकरण नाही. त्याजागी एक वाक्य: 'पायऱ्यांच्या सर्व विहिरी त्वरित बुजवून रहाट बसवावेत.'

टंकलेखकाची चूक असेल, असं मला पहिल्यांदा वाटलं. खरंच वाटलं. पाच मिनिटं मी त्या बिचाऱ्या टंकलेखकाला नावं ठेवत होते.

८ जानेवारी

अण्णारावांकडे जाऊन आले. त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत मी उभीच होते.

"गुरम्माबाई, परिषद आरोग्याची आहे. समाजकारणाची नव्हे. तुमचे तक्ते अव्वल आहेत, ते जसेच्या तसे ठेवले आहेत. पण तो शेवटचा भाग वीरभद्रप्पांना रुचणार नाही. आणि माझं नाव वर असलं तर लोक गंभीरपणे घेतील, म्हणून ती तजवीज. तुमच्याच भल्यासाठी."

"नारू कुणाच्या पायाला होतो, डॉक्टर?"

"म्हणजे?"

"तुम्ही एक तरी पाय पाहिलाय का? या तक्त्यातला एक?"

ते थोडे लाल झाले. मग मऊ आवाजात म्हणाले, "वैरागची तुमची नेमणूक दर वर्षी पंचांपुढे येते. मार्चमध्ये पुन्हा येईल. मी केवळ आठवण करून देतो आहे."

चहा आला. मी घेतला नाही. मार्चनंतर वैरागची नेमणूक गेली तर नांदुरखेड्याला जाणार कशी? निबंध मुकाट्यानं वाचला, नोकरी राखली, तर पुढं दहा वर्षं हळूहळू काम करता येईल, असंही मनात आलं. हा विचार इतका शहाण्यासारखा वाटला की त्याचीच भीती वाटली.

९ जानेवारी

जेवताना अप्पा म्हणाले, "वीरभद्रप्पा आला होता अडतीवर."

माझा घास हातातच राहिला. "काय म्हणाले?"

"मुलीचं लग्न का करत नाही, म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, घरात मासे आहेत. स्थळं येत नाहीत."

आत्यांना ठसका लागला. मी अजून काही विचारणार तोवर अप्पा उठलेच. म्हणजे वीरभद्रप्पा निबंधाबद्दल बोलले नाहीत तर. माझ्या मनावरचा दगड उतरला.

१३ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेनं शहर फुलून गेलं आहे. आत्या नंदीध्वज बघायला ओढून घेऊन गेल्या. गर्दीत वीरभद्रप्पा समोरून आले. अप्पांनी त्यांना नमस्कार केला नाही. गर्दीत दिसले नसतील.

नवी साडी घ्यावी का? जांभळी चांगली दिसते, पण व्यासपीठावर फार भडक वाटेल. पांढरी नेसले तर नर्स समजतील. हे असले विचार करते म्हणून स्वतःचा राग येतो, तरी करते. जांभळीच नेसणार.

१८ जानेवारी

कार्यक्रमपत्रिका आली. माझा निबंध परवा, दुसऱ्या दिवशी, अगदी शेवटी, आभारप्रदर्शनाच्या आधी. वीस मिनिटांची दहा झाली आहेत. वाचक म्हणून डॉ. अण्णारावांचं नाव आहे.

मी परिषदेच्या कचेरीत जाऊन सांगितलं, मूळ अर्ज माझ्या नावाचा आहे, स्वीकाराचं पत्र माझ्या नावाचं आहे, मीच वाचणार. तिथल्या कारकुनानं पत्र पाहिलं. "पण हे 'महाशय' आहे," तो म्हणाला.

"मीच ती महाशय," मी म्हटलं.

अप्पा परवा अक्कलकोटला जाणार आहेत, तुरीच्या कामाला. रविवारी कसलं काम काढलं आहे कोण जाणे. यावं असं त्यांना वाटलं नाही, याचं वाईट वाटलं. बोलले नाही.

२० जानेवारी

साडीही न बदलता लिहायला बसले आहे.

मायाक्का आली होती. तिच्याबरोबर गड्ड्याला आलेली आणखी चौघंजणं सोलापुरात थांबली होती, आणि मी सगळ्यांना बोलावलं होतं. मंडपाच्या दारात स्वयंसेवक पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडत होते. त्यांनी या पाचजणांना अडवलं.

"ही माणसं कोण?"

"यांचे पाय माझ्या निबंधात आहेत," मी म्हटलं. "पाय आत चालतात, तर माणसंही चालतील."

तो पोरगा गोंधळला आणि बाजूला झाला. गुलाबपाणी मात्र त्यानं शिंपडलं नाही. मायाक्का त्याच्यासमोर थांबून राहिली. "आमाला न्हाय का?" शेवटी त्यानं शिंपडलं.

माझी वेळ आली तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. अध्यक्ष पुण्याचे एक वयस्कर गृहस्थ होते, पेंगुळलेले. त्यांनी अण्णारावांचं नाव पुकारलं. अण्णाराव उठायच्या आत मी उभी राहिले आणि वाचायलाच लागले. पहिलं वाक्य इतक्या मोठ्यानं आलं की अध्यक्ष दचकून जागे झाले.

तक्ते झाले. माशांचं झालं. धारवाडकडच्या एका इंजिनियरनं टिपणं घ्यायला सुरुवात केली, ते मला दिसलं आणि अंगात बळ आलं. मग शेवटचं प्रकरण काढलं. 'नांदुरखेडे येथे प्रस्तुत लेखिकेच्या सल्ल्याने पाणी बंद करण्यात आले,' एवढं वाचलं तोच अण्णाराव उभे राहिले.

"अध्यक्ष महाराज, हा भाग छापील निबंधात नाही."

"छापलेला तुमचा आहे," मी म्हटलं. "वाचते आहे तो माझा."

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी घंटी वाजवली. "बाई, वेळ संपला."

"एक नारू निघायला महिना लागतो. मला पाच मिनिटं द्या."

वीरभद्रप्पा स्वागताध्यक्षांच्या खुर्चीतून म्हणाले, "इथं जातीपातीचे विषय नकोत. उठा आता, आभार मानू." माणसं उठायला लागली. माझा आवाज बुडाला. तेवढ्यात मंडपाच्या मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "खाली बसा की! वाचू द्या तिला! वीस मिनिटं म्हणून सांगितली होती!" आवाज घोगरा, रागानं फाटलेला. मला डोळ्यांत पाणी आल्यामुळं माणूस दिसला नाही. कोण होता तो भला माणूस? त्यानं 'वाचू द्या, वाचू द्या' असा धोशाच लावला, तसे आणखी चार-दोन आवाज उठले, आणि लोक पुन्हा बसले.

सगळं वाचलं. काटे, ओढा, मायाक्काची नात. 'पायऱ्या बुजवू नयेत' हे वाक्य दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा घंटी वाजत होती.

टाळ्या थोड्या पडल्या. ठराव मांडू दिला नाही. धारवाडचा तो इंजिनियर येऊन म्हणाला, "कठड्याची कल्पना चांगली आहे. पण पावसाळ्यात पाणी चढलं की कठडा बुडेल. दोन टप्प्यांत बांधा." एकाच माणसानं माझं काम काम म्हणून ऐकलं, तेवढंही पुरे.

मायाक्का म्हणाली, "लई वरडला तुमी. ऐकू आलं समद्यांना."

घरी आले तर अप्पाही आलेले. अक्कलकोटहून इतक्या लवकर! त्यांचा घसा बसला होता, बोलता येत नव्हतं. आत्यांनी हळदीचं दूध दिलं. त्यांच्या अंगाला गुलाबपाण्याचा वास येत होता. अक्कलकोटला कुणाचं लग्न होतं का, हे विचारायचं राहिलं.

२ फेब्रुवारी

मार्चची वाट बघितली नाही. पंचांचं पत्र आलं, वैरागच्या दवाखान्यास माझ्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही. अण्णारावांची सही आहे.

रडले. मग पत्राच्या पाठीवर दोन टप्प्यांच्या कठड्याचं चित्र काढलं. कागद चांगला जाड होता.

४ फेब्रुवारी

योगायोग कसे असतात! अप्पा म्हणाले, "वैरागला दर पंधरवड्याला तूर बघायला जावं लागणार आहे. मोटार ठरवली आहे. एक जागा रिकामी असते. यायचं तर ये." वैरागचा माल अप्पा कधी घेत नसत. वीरभद्रप्पांशी भागीचा व्यवहार मोडला म्हणे, भावावरून काहीतरी झालं असेल, म्हणून आता नवी गिऱ्हाइकं शोधत असावेत. या वयात त्यांना दगदग. माझी मात्र आयती सोय झाली.

१७ फेब्रुवारी, वैराग

महारवाड्यातल्या माणसांनी कठड्याचा पहिला टप्पा बांधला होता. परवा कुणीतरी तो ढकलून पाण्यात पाडला. कुणी, ते सगळ्यांना माहीत आहे.

मी म्हटलं, फौजदाराकडे तक्रार करू. मायाक्का म्हणाली, "करा तुमी. तवर आमी दगड काडतो." दिवसभर माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरून दगड काढत होती. नारू असलेल्याला उतरू दिलं नाही. एकेकाचे पाय मी तपासले, मगच.

३ मार्च, वैराग

मासे सोडले. कठडा पुन्हा उभा राहिला, या वेळी चुन्यात. वरच्या पायरीवर मोटारवाला आणि अप्पा उभे होते. अप्पा तूर बघायची सोडून इथं कशाला आले होते, देव जाणे.

मायाक्का कठड्याशी गेली. घागर सोडली. तेवढ्यात रामहरी पाटील आठ-दहा माणसं घेऊन वर आले.

"कुनाच्या परवानगीनं बांदलं हे?"

मायाक्कानं दोर ओढला, हातावर हात घेत, सावकाश. पाटलांची माणसं पायऱ्या उतरायला लागली. हात वर जायच्या बेतात होते, हे स्पष्ट दिसत होतं. घागर कठड्यावर आली. मायाक्कानं पदराचं दुहेरी फडकं करून त्यातून तांब्यात पाणी गाळलं, आणि माझ्याकडे न बघताच तांब्या पुढं केला.

"डाक्टरीणबाई," पाटील वरून म्हणाले, "तुमी लिंगवंताच्या घरच्या. तुमचं वडील हितं हुबं हायेत. इचार करा."

मी वर पाहिलं. अप्पांनी टोपी काढून हातात घेतली होती. मान हलवल्यासारखी वाटली, पण उन्हामुळं नीट दिसलं नाही. आणि खरं सांगायचं तर मी त्यांच्या मान हलवण्याची वाट पाहिली नसती.

तांब्या तोंडाला लावला. पहिल्या घोटाला लहानपणापासून जे काही मनावर बिंबवलं आहे ते सगळं घशाशी आलं. मग उतरलं. पाटलांची माणसं मधल्या पायरीवर थांबली, आता पुढं काय करायचं ते न सुचून.

पाणी नव्या चुन्यानं जरा तुरट लागत होतं. तांब्या रिकामा करून मी मायाक्कापुढं धरला आणि म्हटलं, "अजून."